वर्गणीतलं कार्ले-भाजे

आमची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा. त्यामुळे वर्षातून एकदा देवीला जायचं म्हणजे जायचंच, त्यात चर्चा नाही. आणि जायची पद्धतही वर्षानुवर्षं एकच. गाडी ठरवायची, सकाळी निघायचं, पायऱ्या चढायच्या, दर्शनाच्या लाइनीत उभं राहायचं, ओटी भरायची, उतरायचं, वाटेत कुठेतरी जेवायचं आणि परत. गेल्या वेळी गाडीवाल्याने साडेतीन हजार घेतले, वर टोल आणि त्याचं जेवण वेगळं, आणि वर चढून तास होत नाही तोच फोनवर फोन, "ताई किती वेळ लागेल अजून, मला संध्याकाळचं दुसरं भाडं आहे." आई बिचारी पायऱ्या उतरताना गुडघा धरून घाई करत होती, ते मला बघवलं नाही.

त्याच दिवशी गाडीत आई सहज म्हणाली, "अगं, ते देवळाच्या शेजारचं मोठं दार आहे ना, ते आतून कसं आहे गं?"

मला एकदम धस्स झालं. आई लग्न होऊन आल्यापासून एकवीरेला येतेय. चाळीसच्या वर वर्षं झाली. देऊळ आणि लेणं एकाच अंगणात आहे, मध्ये पन्नास पावलंही नसतील, आणि ती एकदाही आत गेलेली नाही. कधी लाइन मोठी, कधी आम्ही लहान आणि रडतोय, कधी गाडीवाल्याची घाई, कधी लेण्याचं तिकीट वेगळं काढायला लागतं म्हणून "राहू दे, पुढच्या वेळी". भारतातलं सगळ्यात मोठं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह, तिच्या पाठीशी होतं आणि ती लाइनीत देवळाकडे तोंड करून उभी होती.

मग मी ठरवलं की पुढची ट्रिप वेगळी करायची. गाडी नाही करायची. लोकलने जायचं. देवी पण आणि लेणी पण, आणि घाई अजिबात नाही.

बजेट ठरवलं हजार रुपये, चौघांचं मिळून. आई, मी, दादा आणि दादाची मुलगी, सातवीतली. दादाने पाचशे दिले, मी पाचशे, आणि भाचीकडे छोटी वही दिली की तू खजिनदार, जो खर्च होईल तो लिहायचा. आई म्हणाली माझे पण घ्या, आम्ही म्हटलं तू कशाला, तू नुसती चल. ते तिला फारसं पटलं नव्हतं हे नंतर कळलं.

आता प्लॅनिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला बऱ्याच जणी विचारतात की एवढ्या पैशात कसं काय जमलं. पैसे वाचवणं अवघड नाही, वेळ वाचवणं अवघड आहे. म्हणजे वेळ खर्च करायला मिळावा अशी सोय करणं.

पहिली गोष्ट वार. एकवीरेला मंगळवार, शुक्रवार, रविवार गर्दी असते, नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत तर मुंगीला जागा नसते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भाज्याच्या धबधब्याला अख्खं पुणं आणि अर्धी मुंबई येते. त्यामुळे आम्ही जानेवारीतला बुधवार धरला, भाचीच्या शाळेला गॅदरिंगनंतरची सुट्टी होती आणि दादाची रजा शिल्लक होती. आईला मंगळवार हवा होता, देवीचा वार म्हणून. मी म्हटलं आई, बुधवारी देवीला तुझ्यासाठी जास्त वेळ असेल. हे तिला पटलं.

दुसरी गोष्ट लोकल. पुणे-लोणावळा लोकलने लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली, तिथे उतरायचं. आम्ही आकुर्डीला राहतो, स्टेशन घरापासून चालत. मळवलीच्या एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले, म्हणजे एका स्टेशनवर दोन्ही लेणी. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे येणारी लोकल धरली की पुढचंच स्टेशन मळवली. फक्त एक लक्षात ठेवा, दुपारच्या वेळी या मार्गावर लोकलला मोठा गॅप असतो, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवायची आणि दुपारचा वेळ लेण्यातच घालवायचा. आम्ही तर तो गॅप प्लॅनमध्येच बसवला, म्हणजे परत निघायची इच्छा झाली तरी गाडीच नाही, मग बसा निवांत.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे ऊन. कार्ले आणि भाजे दोन्ही चैत्यगृहांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी आत अंधार असतो, दुपारनंतर सूर्य खाली आला की उजेड आत शिरतो. दोन्ही ठिकाणी दुपारी असणं शक्य नाही, म्हणून मी ठरवलं की सकाळी कार्ले, कारण आईला आधी देवी हवी आणि चढ जास्त आहे तो गारव्यात होऊन जाईल, आणि दुपारी भाजे. कार्ल्याला अंधारात डोळे बसायला वेळ द्यायचा आणि भाज्याला उन्हाची वाट बघायची.

आणि चौथी गोष्ट म्हणजे काय सोडायचं ते. दादा म्हणत होता एवढं जातोय तर लोहगड पण करू, बेडशाची लेणी पण करू, कामशेतवरून जवळ आहे. मी ठाम नाही म्हटलं. दिवसाला दोन लेणी खूप झाली. चार ठिकाणं केली की फोटो चार ठिकाणचे येतात आणि डोक्यात एकही ठिकाण राहत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

डबा घरून. गुळपोळ्या संक्रांतीच्या उरलेल्या होत्या, शिवाय धपाटे, दही, बटाट्याची सुकी भाजी. पाण्याच्या चार बाटल्या, कारण भाज्याला वर काही मिळत नाही. आईने ओटीचं सामान घरूनच घेतलं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. फुलं तेवढी तिथे घ्यायची.

सातच्या सुमाराची लोकल मिळाली. या वेळेला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच असतात आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या बऱ्यापैकी रिकाम्या, चौघांना समोरासमोर बसायला मिळालं. तळेगाव सोडलं की हवा बदलते, खिडकीतून गार वारा येतो, दोन्ही बाजूंना डोंगर दिसायला लागतात. आई शाल गुंडाळून खिडकीशी बसली होती, म्हणाली गाडीतून येते तेव्हा हे काही दिसतच नाही. गाडीत तिला उलटीसारखं होतं म्हणून ती डोळे मिटून बसते, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिने चाळीस वर्षं मावळ बघितलाच नाही असा होतो हे तेव्हा लक्षात आलं.

मावळ हे नाव आलंय तर सांगते. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनांच्या काळची एक राजाज्ञा कोरलेली आहे, मामाड इथल्या अमात्याला उद्देशून. मामाड, मामाल, मावळ. म्हणजे आपण आज मावळ तालुका म्हणतो तो शब्द जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी दगडावर आहे. आणि लेणं हा शब्द पण. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याला ऋषभदत्त पण म्हणतात, त्याने इथल्या भिक्षूंच्या पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचं गाव दिलं, त्या लेखात "वलूरकेसु लेणवासिनं" असे शब्द आहेत. वलूरक हे कार्ल्याचं जुनं नाव. लेणवासी म्हणजे लेण्यात राहणारे. भाचीला हे लोकलमध्ये सांगितलं तर ती म्हणाली आत्या मग ते मराठी बोलायचे का? म्हटलं मराठी नाही, प्राकृत, पण आपली मराठी जिच्यातून आली ती. तिने वहीच्या मागच्या पानावर "लेणवासी" लिहून ठेवलं.

मळवलीला उतरलो, चहा घेतला. रिक्षावाल्याशी घासाघीस करून दोनशे रुपयांत कार्ल्याच्या वरच्या पार्किंगपर्यंत ठरलं. इथे पैसे वाचवायचा मोह होतो, चालत चार-पाच किलोमीटर जाता येतं, तरुण मंडळींनी खुशाल चालावं. पण बरोबर वयस्कर माणूस असेल तर त्याचे पाय हेच खरं बजेट असतं, ते पायऱ्यांसाठी राखून ठेवायचे.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. हार, नारळ, पेढे, चुरमुरे, देवीचे फोटो, लिंबू सरबत. बुधवार असल्यामुळे अर्धी अजून उघडत होती. आई दर वीस-पंचवीस पायऱ्यांना थांबत होती आणि आम्हीही थांबत होतो, मागे फोन वाजत नव्हता. एका दुकानातल्या मावशींनी तिला बसायला स्टूल दिलं आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, कुठून आलात, कितवी खेप, वगैरे. साठ रुपयांचा हार-फुलं त्यांच्याकडूनच घेतली.

दर्शन दहा मिनिटांत झालं. आई गाभाऱ्यासमोर निवांत उभी राहिली, कोणी "चला पुढे, चला पुढे" म्हटलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते. मी काही बोलले नाही.

मग आम्ही वळलो.

लेण्याचं तिकीट माणशी २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. तीन तिकिटं, पंच्याहत्तर रुपये. दारात डाव्या हाताला उंच सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह पाठीला पाठ लावून. असाच दुसरा उजव्या बाजूला असणार, आणि त्याच जागी आज देवीचं देऊळ उभं आहे असं मानतात. स्तंभावर लेख आहे, महारठी अग्निमित्रणकाचं दान. महारठी हा त्या काळचा सरदारासारखा किताब. आई म्हणाली मी दर वर्षी या खांबाला टेकून चप्पल काढते. तो कोणी दिलाय, त्याचं नाव लिहिलंय, हे ऐकून तिने खांबाला हात लावून नमस्कार केला.

व्हरांड्यात दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, पूर्ण आकाराचे वाटतात, जणू सगळं वरचं मजल्यांचं काम त्यांच्या पाठीवर पेललंय. सुळ्यांच्या जागी नुसती भोकं आहेत. मध्ये दाराच्या दोन्ही अंगांना जोडपी कोरलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली, अंगभर दागिने, डोक्यावर भारी भारी फेटे आणि मुंडासी. त्यांच्या अधेमधे नंतरच्या काळात, काही शतकांनी, बुद्धाच्या मूर्ती कोरल्यात, ते वेगळेपण थोडं निरखलं की कळतं. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला तो प्रसिद्ध लेख आहे. वैजयंतीचा सेठी भूतपाल, त्याने हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. "जंबुदिपम्हि उतमं" हे शब्दच आहेत तिथे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. तिथला सावकार इथे मावळात येऊन म्हणतोय की अख्ख्या जंबुद्वीपात असं दुसरं नाही, आणि आत पाऊल टाकल्यावर पटतं.

आत शिरलो आणि काहीच दिसेना. उन्हातून अंधारात. मी आईला म्हटलं दोन मिनिटं नुसती उभी राहा. हळूहळू खांब दिसायला लागले, एकापाठोपाठ एक, दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा, आणि पार टोकाला स्तूप, त्याच्या मागे सात साधे खांब. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, आणि वर बघितलं तर मान मागे टाकायला लागते. खांबांच्या वर गुडघे टेकून बसलेले हत्ती, प्रत्येक हत्तीवर दोन माणसं, बहुतेक ठिकाणी एक बाई एक पुरुष. हे सगळं एका डोंगरातून कोरून काढलंय, बाहेरून एकही दगड आणून लावलेला नाही, हे मला माहीत असूनही दर वेळी ते मनाला पटायला वेळ लागतो.

आई छताकडे बघत होती. मग म्हणाली, "अगं हे तर वासे आहेत. लाकडाचे?"

लाकडाचेच आहेत. कार्ल्याच्या छताला सागवानी कमानी बसवलेल्या आहेत, जवळजवळ २००० वर्षांपूर्वीच्या. दगडाच्या छताला आधार म्हणून त्यांची काहीएक गरज नाही, डोंगर आपला आपण उभा आहे. पण त्या काळातली प्रार्थनेची जागा म्हटली की लाकडी कमानींचं छत असणारच, म्हणून दगडात कोरलेल्या घराला पण त्यांनी खरे वासे घातले. स्तूपावरची छत्रीही लाकडाची आहे, अजून उभी आहे. आईला माहेरचं घर आठवलं, तिकडे असेच वासे होते आणि तिचे आजोबा दर उन्हाळ्यात त्यांना तेलपाणी करायचे. तिने विचारलं इथल्या लाकडाला एवढी वर्षं वाळवी कशी लागली नाही. मला नीट उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न अगदी घर सांभाळलेल्या बाईचा होता.

आता खांबांवरचे लेख. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तिथे मी फार वेळ घेते. लांबून बघितलं तर वाटतं एवढं मोठं काम कोण्या राजाने केलं असेल. जवळ जाऊन बघितलं तर खांबाखांबावर वेगवेगळ्या माणसांची नावं आहेत. "धेनुकाकटा" हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे धेनुकाकट गावाहून आलेला अमुक, त्याचा हा खांब, दान. कोणी यवन आहे, म्हणजे मूळचा ग्रीक वगैरे कुळातला, आणि त्याचं नाव सिंहध्वज. एक गांधिक आहे, अत्तर-सुगंधांचा व्यापारी, सिंहदत्त, त्याने दाराचं दान दिलं. आणि एक सुतार आहे, "वढकि" शब्द आहे, सामी नावाचा, वेणुवासाचा मुलगा, त्याने दार घडवलं म्हणून त्याचंही नाव कोरलंय. म्हणजे पैसे देणाऱ्याचं नाव आहे आणि हाताने काम करणाऱ्याचंही आहे.

धेनुकाकट नेमकं कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ही माणसं या वाटेवर का होती ते कळतं. खाली बोरघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावर उतरलेला माल याच घाटाने वर यायचा आणि तिथून तेरसारख्या बाजारपेठांकडे जायचा. त्याच घाटातून १८६३ साली रेल्वे गेली, त्याच घाटातून एक्सप्रेसवे गेला, आणि सकाळी आम्ही ज्या लोकलमधून आलो ती पण त्या घाटाच्या माथ्यापर्यंतच जाते. जाता-येता थांबणारी माणसं, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे एक खांब, एक दार, एक कोरीव जोडी दिली आणि त्यातून हे उभं राहिलं. वर्गणी हा शब्द त्यांच्याकडे नसेल, पण ही वर्गणीच.

हे लेख ज्या लिपीत आहेत त्या ब्राह्मीतलं एकच अक्षर मी भाचीला शिकवलं होतं, क. अगदी सोपं, अधिकचं चिन्ह. म्हटलं हे चिन्ह शोध. लेख वाचायची एक युक्ती आहे, मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही, बाजूने तिरका धरला की अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. हात लावायचा नाही, फक्त उजेड. ती एकेका खांबाशी जाऊन तिरका टॉर्च धरत होती आणि मग एकदम ओरडली, "आत्या, दोन अधिक! शेजारी शेजारी!" धेनुकाकटातले का आणि क. एकाला वर बारीक रेघ फुटलेली, काना म्हणून. त्यानंतर तिला अर्धा तास आवरणं शक्य नव्हतं, पाच खांबांवर तिने ते शोधून काढलं आणि शेवटी शेवटी तर "थभो दानं" पण ओळखायला लागली, थ म्हणजे गोल आणि मध्ये टिंब. थंभ म्हणजे खांब, दान म्हणजे दान. दीड तास आम्ही आत होतो. त्या वेळात तीन-चार ग्रुप आले, सेल्फी काढले, आवाज घुमतो का बघितलं, गेले. त्यांना दोष देत नाही, खाली त्यांची गाडी थांबलेली असणार.

खाली उतरून झाडाखाली डबा खाल्ला, सरबत घेतलं, चाळीस रुपये. दुसरी रिक्षा अडीचशे रुपयांत भाजे गावापर्यंत.

भाज्याच्या पायऱ्यांना आईने जरा कुरकुर केली, पण चढली. तिकीट इथेही २५. भाजे कार्ल्याच्या आधीचं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, एकूण २२ लेणी. इथलं चैत्यगृह लहान आहे आणि त्याला पुढची भिंतच नाही, कारण ती लाकडाची होती आणि गेली, दगडात फक्त तिची भोकं राहिलीत. त्यामुळे समोर उभं राहिलं की आतलं सगळं एका नजरेत दिसतं. सत्तावीस खांब, आणि ते सरळ नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घराचे खांब छताचा भार घ्यायला असे तिरके लावायचे, ते बघून दगडात पण तिरके कोरले. दगडाने कसं वागावं हे अजून ठरलेलं नव्हतं. कार्ल्याला येईपर्यंत खांब सरळ झाले. सकाळी सरळ खांब बघून दुपारी तिरके बघितले की हा मधला दीड-दोनशे वर्षांचा प्रवास कोणी न सांगता कळतो, म्हणून दोन्ही लेणी एकाच दिवशी बघावीत.

शेजारी चौदा स्तूपांचा घोळका आहे, पाच आत, नऊ बाहेर. इथे होऊन गेलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे. काहींवर नावं आहेत, अम्पिनिक, धम्मगिरी, संघदिन. आई म्हणाली समाध्याच की. हो, समाध्याच. तिने तिथेही हात जोडले.

पुढे पाण्याच्या टाक्या आहेत, एकीजवळ लेख आहे की ही "पोढी" महारठी विण्हुदत्ताचं दान. खांब नाही, मूर्ती नाही, पाण्याचं टाकं दान दिलंय. मला हे दान फार आवडतं. आम्ही चार बाटल्या खांद्यावर घेऊन चढलो होतो, त्यामुळे त्या दानाची किंमत त्या दिवशी जरा जास्तच कळली.

दक्षिणेकडच्या टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यात, दोन मोठी शिल्पं आहेत, एक चार घोड्यांच्या रथातला, त्याला सूर्य म्हणतात, आणि एक हत्तीवरचा, त्याला इंद्र म्हणतात. हत्तीने सोंडेत आख्खं झाड उपटून धरलंय. त्याच भागात एक बाई दोन उभट वाद्यांवर हात टाकून वाजवत बसलीये आणि दुसरी नाचतेय. तबल्यासारखं वाद्य आपल्याकडे किती जुनं आहे हे सांगताना हे शिल्प नेहमी दाखवतात. दादा शाळेत असताना तबला शिकायचा. तो त्या शिल्पासमोर बराच वेळ उभा राहिला आणि त्या बाईच्या बोटांकडे बघत म्हणाला, "डावा हात बघ, घुमारा काढतेय ती." माझ्या डोळ्यांना झिजलेला दगड दिसत होता, त्याला घुमारा ऐकू येत होता.

साडेतीनच्या सुमाराला आम्ही परत चैत्यगृहासमोर येऊन बसलो. ऊन आत शिरायला लागलं होतं. आधी पायरीवर, मग जमिनीवर पुढे पुढे सरकत, मग पहिल्या खांबांवर. दगड करडा होता तो मधाच्या रंगाचा झाला. कोणी बोलत नव्हतं. आईने पाय लांब केले होते आणि गुडघ्यावर हात फिरवत ती स्तूपाकडे बघत होती. उन्हाचा तुकडा स्तूपापर्यंत पोचायच्या आधी उठावं लागलं, लोकल होती, पण अर्धा तास तरी आम्ही तिथे नुसते बसलो होतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी मागत नव्हतं.

खाली गावात कांदाभजी आणि चहा झाला. सकाळचा चहा धरून खाण्यापिण्याचे एकशे साठ. मग एक्सप्रेसवे ओलांडून चालत मळवली, खालून गाड्या सुसाट जात होत्या.

प्लॅटफॉर्मवर भाचीने वही काढली आणि हिशोब वाचला. लोकलचे जाऊन-येऊन ऐंशी, रिक्षा चारशे पन्नास, तिकिटं दीडशे, खाणंपिणं एकशे साठ, सरबत चाळीस, हार-फुलं साठ. एकूण नऊशे चाळीस. साठ शिल्लक.

आईने पर्समधून पन्नासची नोट काढून तिच्यापुढे धरली. दादा म्हणाला आई अगं कशाला, उरलेत पैसे. आई म्हणाली, तुमचे उरलेत, माझे कुठे लागलेत अजून? पुढच्या वेळेसाठी ठेवा, ते बेडसे का काय म्हणत होतास ना तू.

भाचीने वहीत लिहिलं, आजी, ५०.

"नुसतं आजी नको," आई म्हणाली. "नाव घाल माझं. आणि आकुर्डीची असं लिही."

भाचीने खोडून परत लिहिलं. आकुर्डीतल्या क च्या जागी तिने अधिकचं चिन्ह काढलं आणि त्याला खाली उकार दिला.